वर्दा खालाचं धाबं

बैत शमसान गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे एक वेळ लपवता येईल, पण कुणाच्या धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, काय वाळतंय हे लपवायची सोय नाही. डोंगराला घरं अशी चिकटलेली, की वरच्याच्या दारातून खालच्याचं धाबं दिसतं. मुकबिलचं घर तर सगळ्यांत वर. कॉफीच्या दिवसांत तो सकाळी कॉफीची सालं आलं घालून उकळलेल्या किशरचा पेला हातात घेऊन कठड्याशी उभा राहायचा आणि एकेका धाब्यावर वाळत पडलेली लाल फळं न्याहाळायचा. कुणाची झाडं खूश, कुणाची रुसलेली, सगळा हिशेब त्याला तिथल्या तिथे कळायचा.

"झाली का गावाची हजेरी घेऊन?" बायको कातिबा मागून ओरडायची. "आता आपल्या फळांकडेही बघा जरा. त्या कोपऱ्यातली कालपासून उलटली नाहीत, बुरशी धरतील."

त्या वर्षी ह्या हजेरीत वर्दा खालाचं धाबं ओकंबोकं होतं. श्रावणासारखा नुसता रिमझिम पाऊस ह्या डोंगरात पडत नाही. पडतो तेव्हा धाडकन पडतो आणि दरीतून असा लोंढा सुटतो, की उतारावर दगडी बांध घालून केलेल्या शेताच्या ताली दगडांसकट उचलून नेतो. तसाच एका दुपारी तो आला, आणि म्हातारीच्या तीन तालींपैकी दोन घेऊन गेला. नवऱ्याने लावलेली चाळीसेक झाडं गेली, एकोणीस राहिली. वरच्या अंगाची ज्वारी वाचली आणि दोन शेळ्या वाचल्या, एवढंच काय ते नशीब. एकोणीस झाडांची फळं धाब्यावर पसरली, तर नमाजाच्या चटईएवढी जागा भरली.

आता बैत शमसानची रीत अशी, की हंगामात कुणाचं धाबं उघडं दिसू द्यायचं नाही. ज्याचं पीक बुडालं, त्याच्या धाब्यावर पहाटे वरून टोपलीभर फळं हळूच ओतायची. देणाऱ्याने बोलायचं नाही, बायकोलासुद्धा सांगायचं नाही. घेणाऱ्याने विचारायचं नाही. पणजोबांच्या आधीपासून हे चालत आलेलं. पण वर्दा खाला पडली ताठ कण्याची. लोंढा ओसरला त्याच संध्याकाळी तिने विहिरीवर सगळ्यांना ठणकावलं होतं, "माझ्या धाब्यावर कुणी काही टाकलंत ना, तर झाडूने लोटून शेळ्यांपुढे टाकीन. मी अजून मेले नाही!"

आणि रीतीत एक नवी पाचर सहा वर्षांपूर्वी बसली होती. त्याआधी ह्या डोंगरात सगळीकडे कात होता. दुपारी गालात कोंबून चघळायचा तो नशेचा पाला. तो पाणी पितो भारी, विहिरी आटवतो, आणि त्याच्यावर फवारतात ती औषधं तर विचारूच नका. साना शहरातल्या एका कंपनीने मुकबिलला सांगितलं, कात उपटून पुन्हा कॉफी लावा, फवारणी करू नका, पिकलेलीच फळं तोडा, आम्ही बाजारापेक्षा चांगला भाव देऊ. अट एकच. प्रत्येक घराची कॉफी वेगळी, पोत्यावर त्या घराची चिठ्ठी शिवलेली. एका घराची कॉफी दुसऱ्याच्या पोत्यात सापडली, तर अख्खं गाव यादीतून बाहेर. त्या कागदावर तेरा घरांच्या वतीने सही होती मुकबिलची. सही करताना त्याची छाती दोन बोटं फुगली होती, हे कातिबा अजून सांगते.

तर असा हा सही केलेला मुकबिल एका पहाटे अर्धी टोपली फळं घेऊन दबक्या पावलांनी खाली उतरला. त्याने स्वतःची समजूत घातली होती. अर्धी टोपली म्हणजे काय, पाखरंसुद्धा तेवढी खातात. एवढ्याने कोणता करार बुडतोय? म्हातारीच्या धाब्यावरची ती एवढीशी लाल चटई रोज सकाळी त्याच्या डोळ्यांत खुपत होती. त्याने टोपली वरून अलगद ओतली, हाताने पसरली आणि चोरासारखा घरी येऊन झोपल्याचं सोंग घेतलं. कातिबाही झोपली होती. फार शांत झोपली होती.

आठवडाभराने त्याने बघितलं, तर खालाच्या धाब्याचा पाव हिस्सा लाल. पंधरा दिवसांनी अर्धा. अर्ध्या टोपलीचं एवढं कसं झालं?

"तू काही टाकलंस का गं खालाकडे?" त्याने बायकोला विचारलं.

"मी?" कातिबाने कणीक मळता मळता मानही वर केली नाही. "तुम्ही सही केलीत ना कागदावर? मग मी कशाला टाकू?"

विहिरीवर खाला तर विचारू नका, नुसती तोऱ्यात! "एकोणीसच राहिली, पण वाघिणी आहेत माझी झाडं. भावंडं गेली म्हणून दुप्पट धरलंय त्यांनी. माशाल्ला म्हणा, नाहीतर दृष्ट लागेल." बायका माशाल्ला म्हणायच्या आणि पदराआड हसायच्या. मुकबिलला ते हसू दिसलं, पण त्याचा अर्थ त्याने भलताच लावला. गावातल्या दहमानची खटारा गाडी दर आठवड्याला खालच्या बाजारात जायची. तिथे काय काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक. कुठल्या कुठल्या देशांतून आलेली, फवारलेली, कच्ची-पक्की कशीही तोडलेली कॉफी तिथे आपल्या डोंगराची म्हणून खपते. म्हातारीने दहमानकरवी तीच तर आणवली नसेल? पोटापाण्यासाठी माणूस काय करत नाही! त्याला तिचा राग येईना, आणि संशय जाईना. विचारायची तर हिंमतच नव्हती. वर्दा खालाला असं विचारायचं म्हणजे आपण होऊन थोबाड पुढे करणं.

वजनाचा दिवस उजाडला. साना शहरातून हनान आली. पंचविशीतली पोर, अंगाने काडी, पण कॉफीचं एक फळ दातांखाली धरून ते किती दिवस वाळलं हे सांगणारी. मुकबिलच्या अंगणात तराजू टांगला. एकेक घर आपलं पोतं आणत होतं, हनान झाडांच्या आकड्याशी वजन पडताळत होती, आणि मग सुई-दोऱ्याने चिठ्ठी शिवत होती. बारा पोती झाली. सगळीच थोडी थोडी हलकी भरली. हनान म्हणाली, "यंदा पाऊस वेडावाकडा झाला, चालायचंच." मुकबिलने घाम पुसला.

तेरावं पोतं वर्दा खालाचं. दहमानने ते पाठीवरून उतरवलं, तेव्हा तोही धापा टाकत होता.

"त्रेपन्न किलो," हनान म्हणाली. पुन्हा वजन केलं. पुन्हा त्रेपन्न. तिने वहीत बघितलं. "खाला, तुझी झाडं एकोणीस. आतापर्यंत फार तर वीस किलो यायला हवी. ही कॉफी आली कुठून?"

"झाडावरून!" खाला कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "कॉफी काय आभाळातून पडते?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. हनानला हसू आलं नाही. तिने लेखणी खाली ठेवली आणि हळू आवाजात बोलायला लागली. "हे बघ खाला, मी तुझ्या नातीच्या वयाची. तुला खोटं पाडायला मला आवडत नाही. पण गेल्या वर्षी पलीकडच्या दरीत एका पोत्यात बाजारची कॉफी निघाली. चवीत औषध लागलं. घेणाऱ्यांनी सगळाच माल परत पाठवला. बावीस घरांनी सचोटीने पिकवलेली कॉफी एका पोत्यापायी मातीमोल झाली. त्यातल्या काही घरांनी पुन्हा कात लावलाय. मला ते इथे बघायचं नाही."

"मी बाजारातून एक दाणा आणलेला नाही. अल्लाची शपथ!"

"मग कुठून आणलीस?"

खालाने पोत्याचं तोंड आवळून धरलं. तिच्या हनुवटीवरचं गोंदण थरथरत होतं.

हनानने उसासा टाकला. "चिठ्ठी शिवायच्या आत लक्षात आलं, हे बरं झालं. मी एवढंच करू शकते, की खालाचं नाव तेवढं यादीतून काढते. बाकी बारा घरं राहतील. काका, तुमची सही लागेल." तिने वही मुकबिलपुढे सरकवली.

मुकबिलने लेखणी हातात घेतली. किती सोपं होतं! एक सही, आणि बारा घरं सुखरूप. सहा वर्षांत विहिरींना पाणी आलं होतं, पोरं शाळेत जात होती, त्याचा स्वतःचा मुलगा सिनान शहरात शिकत होता. तोंड उघडलं तर काय होणार हे त्याला लख्ख माहीत होतं. एका घराची कॉफी दुसऱ्याच्या पोत्यात, आणि तीही सही करणाऱ्याची! अख्खं गाव बाहेर. पण समोर ती म्हातारी उभी होती, चोर ठरून, आणि त्या पोत्यात त्याची अर्धी टोपली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की कान तापले.

"पोरी," तो म्हणाला, "त्यातली अर्धी टोपली माझी आहे."

हनान त्याच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे? तुम्ही विकलीत तिला?"

"विकतोय कसला! टाकली. पहाटे, वरून. धाबं उघडं दिसत होतं म्हणून. खालाला माहीत नाही. दोष माझा. सही माझी होती, मोडलीही मीच. नाव काढायचं तर माझं काढ."

"अर्धी?" कातिबा मागून किंचाळली. "तुम्हीसुद्धा? आणि मला विचारत होता वर तोंड करून! अहो, मी दोन टोपल्या टाकल्या!"

"दोन?" मुकबिल गरकन वळला. "आपल्या धाब्यावरची फळं कमी कशी झाली, मी म्हणतोय पाखरं खातात!"

"पाखरं! एवढाली पाखरं!"

आता दहमान डोकं खाजवत पुढे आला. "मी एक टाकली होती. मंगळवारी. मला वाटलं, मी एकटाच." मग त्याच्या मागची, मग त्याच्या शेजारची. कुणी अर्धी म्हणालं, कुणी पाव, कुणी नुसत्याच ओंजळी. बाराच्या बारा घरं. प्रत्येकाला वाटलेलं, आपण एकट्यानेच टाकलंय, आणि एवढ्याने काय होतंय. रीतच तशी होती ना, कुणाला सांगायचं नाही! हनानने वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली.

"छत्तीस किलो होतात," ती कपाळाला आठी घालून म्हणाली. "वीस किलोच्या वरची कॉफी तर तेहतीसच आहे. तीन किलो जास्त येतात."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. दहमानने खाली मान घातली. "बरं, बरं. माझीही अर्धीच होती. कातिबा दोन म्हणाली म्हणून मीही एक सांगितली."

तेव्हा हसण्याचा असा गदारोळ उठला, की तराजू हलला. हनानही हसली, तोंडावर हात धरून, खांदे गदगदा हलवत. एकटी खाला हसत नव्हती. ती तिथेच पोत्यावर बसली आणि रडायला लागली.

"कातिबाचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिचे पाय ओळखते मी, हत्तीसारखी चालते. म्हटलं, एक टोपली आहे, डोळे मीट वर्दा, मुकाट्याने घे. मग वाढत गेलं तरी मिटलेलेच ठेवले. झाडांना वाघिणी म्हणत राहिले. लाज गेली माझी. अख्ख्या गावाने पोसलंय मला, आणि मी विहिरीवर मिरवत होते."

म्हातारीची समजूत काढावी, तर ती आणखीच दुखावणार. मुकबिलने हनानकडे बघितलं. "मग? गाव गेलं ना आमचं?"

हनानने सुई वहीत टोचून ठेवली. "चिठ्ठी शिवली असती ना काका, तर गेलं असतं. मी कितीही रडले असते तरी गेलं असतं. पण अजून शिवलेली नाही. शिवेपर्यंत पोतं तुमचं, शिवल्यावर आमचं. तुम्ही आधी बोललात. काय घडलं ते मी जसंच्या तसं लिहीन, लपवणार नाही, आणि पुढच्या वर्षी दोनदा येऊन झाडं मोजीन. पण हे पोतं मला घेता येणार नाही. तेरा घरांची कॉफी एका नावावर जात नाही."

"आणि खालाचं नाव?"

"खाला, झाडांवर काही उरलंय?"

खालाने पदराने नाक पुसलं. "शेंड्यांची उरलीत. तोडायला हात पोचत नाही म्हणून राहिलीत. वाळून चार किलो भरतील."

"मग चार किलो. तुझ्या एकटीच्या चिठ्ठीवर. मी पुढच्या महिन्यात येतेच आहे." हनान सगळ्यांकडे वळली. "आणि द्यायचंच असेल ना, तर फळं देऊ नका. रोपं द्या. रोप तिच्या तालीत रुजलं, की ते तिचं. मग मी कोण विचारणारी?"

"ताली आहेत कुठे रोपं लावायला?" दहमान म्हणाला. "आधी दगड रचायला हवेत. दहाबारा शुक्रवारांचं काम आहे."

"मग त्रेपन्न किलोचं काय?" कातिबाने विचारलं. "माझं ऐका, दहमान बाजारात विकून येईल. जे येईल ते खालाचं."

"खबरदार!" खाला उठून उभी राहिली. रडून डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीचा. "ती विकायची नाही. दगड रचायला येणार म्हणताय ना? मग ज्याचं शेत त्याने खाऊ-पिऊ घालायचं, ही रीत आहे का नाही? का तीही मोडलीत, सही करून?"

"आहे, खाला," मुकबिल म्हणाला.

"मग ही कॉफी त्यासाठी. जन्मभर दाणे बाहेर धाडले आणि घरात सालं उकळून प्यालो. यंदा दाणे पिऊ."

"अगं, एवढी चांगली कॉफी! वर्षभराचा आटा येईल तिच्यात," मुकबिल कळवळून म्हणाला. "तू काय खाशील?"

"ज्वारी आहे, शेळ्या आहेत. तुम्ही दिलंत ते मी मुकाट घेतलं ना? आता मी देते ते तुम्ही मुकाट घ्यायचं."

हनानने वही मिटली.

पहिल्या शुक्रवारी नमाज झाल्यावर तेरा घरांतली माणसं खालाच्या वाहून गेलेल्या तालींवर जमली. पुरुषांनी दगड वर चढवले, बायकांनी दरीतून मातीच्या पाट्या आणल्या, पोरांनी नको तिथे लुडबुड केली. दुपार कलेपर्यंत गुडघाभर भिंत उभी राहिली. पाठी मोडल्या होत्या सगळ्यांच्या, पण तोंडं हसरी होती. मग खालाने घरात बोलावलं. भिंतीला टेकून माणसं बसली. खोलीभर भाजलेल्या दाण्यांचा वास कोंदला होता. खाला स्वतः पेले भरत होती. कातिबा मदतीला उठली, तर तिला खांदा धरून खाली बसवलं. "बस गं. पाहुणी आहेस तू."

मुकबिलने घोट घेतला. सहा वर्षं त्याने ही कॉफी शिवून शिवून बाहेर पाठवली होती आणि लोक तिच्यावर जीव का टाकतात, हे त्याला आज कळत होतं. ती कडू होती, मग गोड होती, मग आणखी काहीतरी होती. त्याने पेला रिकामा केला. खरं तर त्याला एकच पुरला असता, इतकी ती दमदार होती. पण समोर खाला किटली घेऊन उभी होती, गेल्या चार महिन्यांत वाकलेली पाठ ताठ करून, आणि सगळ्यांच्या पेल्यांकडे आळीपाळीने बघत होती. त्याने पेला पुढे केला.

"खाला, अजून आहे का गं?"

"आहे का म्हणजे?" खालाने पेला काठोकाठ भरला. "माझ्या घरात काय कमी आहे? पी हवी तेवढी."